भिडू बोलला की डाव बाद

"सांग तुझ्या आईला, पाय धुवायला पाणी मिळंल काय म्हणावं."

हौसाआत्या दारात उभी होती. डोक्यावर पोत्याची खोळ, हातात पिशवी, आणि लुगड्याच्या काठातून पाण्याची धार लागलेली. आई तिच्यासमोर, उंबऱ्याच्या आत, हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर. मधे मी. आत्याचं बोलणं आईनं तर ऐकलं होतंच, पण गिरणीपलीकडच्या घरांनीही ऐकलं असेल. तरीही रीतीप्रमाणे मी मान वळवून म्हटलं, "आई, आत्या पाणी मागत्यात."

"बादली भरून ठेवलीया म्हणावं. दिसत नसली तर डोळं तपासून घ्या म्हणावं."

"आत्या, बादली..."

"ऐकलं," आत्या म्हणाली आणि पाय धुवायला लागली.

हे असं गेली चार वर्षं चाललं होतं आणि या दोघींच्या मधलं पोस्ट ऑफिस मी चालवत होते. अबोला कशावरून, तर एका साडीवरून. आबांनी गावात पिठाची गिरणी घातली तेव्हा पूजेला सगळे पाहुणे आले होते. नणंदेचा मान म्हणून आईनं आत्याला जांभळी साडी दिली. आत्यानं तिथल्या तिथं घडी मोडली, आणि पदराच्या आतल्या बाजूला अंगठ्याएवढा हळदीचा डाग निघाला. तो डाग आत्या चांगलाच ओळखत होती, कारण ती साडी तिनंच आदल्या वर्षी आईला आहेर केली होती. आहेराच्या साड्या आमच्याकडं नेसत कुणी नाही, त्या नुसत्या या घरातून त्या घरात हिंडतात. एवढंच सांभाळायचं असतं की फिरत फिरत ती देणारीच्याच ओटीत जाऊन पडू नये. आई नेमकी तिथं चुकली. आत्या भरल्या मांडवात म्हणाली, "माझीच साडी मला? एवढी जड झाली काय गं मी?" आईनं चूक झाली म्हणायचं, तर ती म्हणाली, "डाग लावून तुम्हीच दिली हुती की." झालं. त्या दिवसापासून दोघींची तोंडं एकमेकींना बंद.

आणि या दोघी काही साध्या नणंद-भावजया नव्हत्या. आई लग्न होऊन आली तेव्हा आत्याचं लग्न व्हायचं होतं. दोघी बरोबरीच्या, एका ताटात जेवणाऱ्या. आबा सांगायचे की त्या दिवसांत घरात त्यांनाच परक्यासारखं वाटायचं.

आत्या आत आली, पोत्यांच्या थप्पीला टेकून बसली, आणि पिशवीतून कुंकवाचा पितळी करंडा काढून तिनं कोनाड्यात ठेवला. तो करंडा बघितला आणि मी तिथंच आत्यापुढं फतकल मारून बसले.

"दादा, माणिकचं ठरलं," आत्या आबांना म्हणाली. "तुळशीची लग्नं झाली की उडवायचं."

आबांनी आनंदानं मांडीवर थाप मारली. मी तर नाचायचीच बाकी राहिले. माणिक म्हणजे आत्याची लेक, आणि माझी जिवाभावाची मैत्रीण. आम्ही शाळेत असताना शपथा घेतल्या होत्या की तिच्या लग्नात मी करवली आणि माझ्या लग्नात ती. माझा हिरवा परकर, गजरा, हातातला करा, सगळं मी मनातल्या मनात ठरवून ठेवलं होतं. फक्त मधे एक अडचण बसली होती, आणि ती त्या करंड्यात होती. आमच्याकडं लग्नाचं पहिलं सांगणं मामाच्या घरी. तेही घरच्या बाईला कुंकू लावून, तिच्या तोंडावर "लग्नाला यायचं" म्हणून. त्याशिवाय मामा बोहल्यापाशी जात नाही. आणि करंडा दिसल्याबरोबर घरची बाई उठून चुलीपाशी जाऊन बसली होती.

मी स्वयंपाकघरात गेले तर आई भाकरी थापत होती. म्हणाली, "मला कुणी तोंडानं बोलावल्याबिगर मी त्या मांडवात पाय ठेवायची न्हाई. आणि मी न्हाई तर तूबी न्हाई." बाहेर आले तर आत्या आबांना सांगत होती की ती दारापर्यंत कुंकू घेऊन आलीय, आता आधी बोलायचं पण तिनंच का? माझा परकर, गजरा आणि करा दोघींच्या मधे लोंबकळत राहिले.

आत्याला दुपारच्या आत परतीची एस.टी. गाठायची होती. आबा छत्री घेऊन गाडीची चौकशी करायला गेले. आमच्या गावाचा पूल बुटका. जरा मोठा पाऊस झाला की त्याच्यावरून पाणी जायचं आणि गाव चार दिवस बेट व्हायचं. आबा बऱ्याच वेळानं आले. छत्री कोपऱ्यात उभी केली, कान खाजवला आणि म्हणाले, "पूल बुडाला. यष्टी बंद. उतरंल तवा उतरंल पाणी."

आत्या त्यांच्याकडं बघत राहिली. मला वाटलं आता चिडणार, चालत निघते म्हणणार. पण तिनं पिशवी खुंटीला अडकवली. "सांग तुझ्या आईला, एक भाकरी जास्त थापायला लागंल."

"थापलीया म्हणावं," आतून आवाज आला.

जेवणं झाली. वीज गेलेली, त्यामुळं गिरणी बंद. श्रावणातला पाऊस म्हणे ऊनपावसाचा खेळ असतो, पण त्या दिवशी खेळबीळ काही नव्हता, नुसता ओतत होता. पत्र्यावर असा आवाज की शेजारी बसलेल्याशीही ओरडून बोलावं लागत होतं. आत्या एका भिंतीला, आई दुसऱ्या भिंतीला, आणि मधे आबा तव्यावर शेंगा भाजून आणून सोलत बसलेले. शेंगांची टरफलं तेवढी बोलत होती. मी करंड्याकडं बघत होते. पाणी उतरलं की आत्या जाणार, आणि करंडा जसा आला तसाच परत जाणार.

मग आबा उठले, ट्रंकेतून पत्त्यांचा जोड काढला आणि म्हणाले, "चला, मेंढीकोट."

आईनं मान फिरवली. आत्या लगेच सरसावून बसली, मग भान येऊन मागं सरकली. आबा म्हणाले की चार माणसं आहेत, पाऊस आहे, शेंगा आहेत. अशा दिवशी मेंढीकोट खेळायचा नाही तर काय करायचं? भिडू ठरवायला एकेक पान ओढायचं. लाल-लाल एकीकडं, काळे-काळे एकीकडं. आबांनी बराच वेळ पत्ते पिसले आणि जोड पंख्यासारखा पसरून पुढं धरला. मी ओढलं ते इस्पिक. आबांचं किलवर. आत्यानं बदाम ओढला. आईनं तिच्या हातातलं पान कितीतरी वेळ उलटंच धरलं आणि मग हळूच खाली टाकलं. चौकट.

आबांनी ते पिसताना काही केलं होतं का, हे मी त्यांना पुढं कितीदा तरी विचारलं. ते नुसते हसायचे.

"नियम ऐका," आबा म्हणाले. "हरणाऱ्यांनी भजी तळायची आणि जिंकणाऱ्यांना बसल्या जागी आणून द्यायची. आणि भिडूनं भिडूशी बोलायचं न्हाई. भिडू बोलला की डाव बाद, कोट उलटा चढणार."

आत्या माझ्याकडं वळली. "सांग तुझ्या बापाला, आमच्याकडनं ती भीती धरू नगंस म्हणावं."

आईच्या ओठाचा एक कोपरा हलला. मी बघितला.

मेंढी म्हणजे दहाचं पान. चार रंगांच्या चार मेंढ्या, ज्यांच्याकडं जास्त जमतील ते जिंकले, आणि चारही एकाच बाजूनं मारल्या की समोरच्यावर कोट. गावात पोरंसोरं खेळतात तो हा खेळ. पण त्या दुपारी मला कळलं की मी आजवर खेळत होते ते काहीतरी भलतंच होतं. पहिल्या डावात दोघी अंग चोरून खेळल्या, आणि आम्ही बाप-लेक जिंकलो. दुसऱ्या डावात आत्यानं एक साधं पान टाकलं, आईनं तिच्याकडं न बघताच त्यावर राजा ठेवला, आणि माझी मेंढी दोघींच्या मधे सापडून मेली. कुणी कुणाला खुणावलं नव्हतं, डोळा मारला नव्हता. आबा मला हळूच म्हणाले, "आता सांभाळ. या दोघी जाग्या झाल्या."

तिसऱ्या, निकालाच्या डावाला आईनं पदर खोचला. आत्या मांडी मोडून गुडघ्यावर आली. पान टाकताना तिचा हात असा आपटायचा की शेंगांची टरफलं उडायची. आई तिच्या बरोबर उलटी, पान अलगद ठेवायची आणि हात मात्र चटकन ओढून घ्यायची. एक हुकूम पडला, इस्पिकचा, आणि त्याच हुकमानं आत्यानं आबांची एक मेंढी कापली. मग दुसरी गेली. तिसरी आईनं एक्क्याखाली घेतली तेव्हा आत्याच्या तोंडून "बेस!" निघालं, आणि तिनं ते शेंगदाण्यासारखं गिळून टाकलं. आबांनी बोट वर केलं. आत्या म्हणाली, "शेंग चांगली हाय म्हटलं."

माझे गाल तापले होते. हरायचं नव्हतं, पण खरं सांगायचं तर माझं लक्ष आमच्या पानांवर नव्हतंच. त्या दोघींच्या चेहऱ्यांवर होतं. चार वर्षांत मी त्यांना एकाच गोष्टीवर एवढं लक्ष लावून बसलेलं बघितलं नव्हतं.

प्रत्येकाच्या हातात दोन-दोन पानं राहिली. हुकूम सगळे संपलेले. तीन मेंढ्या त्यांच्या, आणि चौथी, चौकटची, माझ्या हातात. ती वाचली तर निदान कोट तरी वाचणार होता. उतारी आईची. तिच्यानंतर मी, मग आत्या, शेवटी आबा. आईकडं एक पान चौकटचं होतं, हे मला अंदाजानं कळत होतं. तिनं चौकट उतरली तर मला मेंढी टाकावीच लागणार. दुसरं काहीही उतरलं तर मी सुटणार होते.

आई विचार करत होती. तिची सवय मला माहीत होती, काळी पानं डावीकडं आणि लाल उजवीकडं लावायची. तिचं बोट डावीकडच्या पानावर गेलं. माझा जीव भांड्यात पडला. ते किलवर असणार, राणी नाहीतर गुलाम, आणि आईला वाटत असणार की आता तेच मोठं आहे. तिनं पान अर्धं उचललं.

"वैनी, चौकट! अगं चौकट टाक, किलवरचा एक्का हाय अजून!"

आत्याचा हात तोंडावर गेलेला. आईचं पान हवेत. आबा पुतळ्यासारखे. आणि मी, हातात मेंढी धरून, रडावं की हसावं अशी.

आईनं उचललेलं पान खाली ठेवलं. उजवीकडचं उचललं. चौकटची चव्वी. मी मेंढी टाकली, दुसरा इलाज नव्हता. आत्यानं एक्का असा आपटला की आबांच्या पुढची वाटी आडवी झाली. चारही मेंढ्या. कोट.

"बाद!" आबा ओरडले. "भिडू बोलला! डाव बाद, कोट उलटा!"

"कोण बोललं?" आई म्हणाली.

"हौसा बोलली. मी या कानानं ऐकलं."

"त्या कशा बोलतील?" आईनं पानं गोळा करायला घेतली. "चार वरसं झाली, त्या माझ्याशी बोलत न्हाईत. साऱ्या गावाला म्हाईत हाय. आज एका चव्वीसाठी बोलतील?"

"व्हय की," आत्या तिच्या बाजूनं सरसावली. "शालन, सांग तुझ्या बापाला. आमच्यात बोलणंच न्हाई तर मी बोलीन कशी?"

आबांनी कपाळाला हात लावला. दोघी इतक्या एकदिलानं खोटं बोलत होत्या की त्यांना तोड नव्हती. मग आबा माझ्याकडं वळले. म्हणाले, "साक्षीदार एकच हाय. शालन, तू सांग. आत्या बोलली का न्हाई?"

तिघंही माझ्याकडं बघायला लागली. बोलली नाही म्हटलं असतं तर कोट त्यांचा, आबांच्या हातची भजी त्यांना, आणि अबोला जिथल्या तिथं. मला भजी तळायचा कंटाळा होता असं नाही. मी कोनाड्यातल्या करंड्याकडं बघितलं.

"बोलली," मी म्हटलं. "'वैनी' म्हणाली. मी ऐकलं."

आत्यानं मान खाली घातली. आई पानांचा जोड सारखा करत बसली, कडा जुळवत, परत परत. मला वाटलं माझं चुकलं, आता उठून जाईल. तिचे डोळे भरले होते, आणि मला तेव्हा कळलं की तिला तो एक शब्द किती दिवस ऐकायचा होता.

"मग आपण हरलो, वन्सं," ती आत्याला म्हणाली. "चला. मी पीठ भिजवते, तुम्ही कांदं चिरा."

आणि दोघी उठून आत गेल्या.

आबांनी उरलेली पानं उलटी करून मला दाखवली. किलवरचा एक्का त्यांच्याकडंच होता, आणि जोडीला बदामाची नव्वी. आईनं किलवर टाकलं असतं तर हात आबांचा, आणि पुढच्या बदामावर मी मेंढी सोडून मोकळी झाले असते. आत्यानं पडलेलं एकूण एक पान डोक्यात ठेवलं होतं. आबा म्हणाले, "बघितलंस? ही असली जोडी." एवढं अभिमानानं कुणी हरलेलं मी परत बघितलं नाही.

मी आत गेले तेव्हा तेलाचा वास सुटला होता. चूल फुलली होती, आणि दोघी एकमेकींचं बोलणं तोडत बोलत होत्या. चार वर्षांचं साठलेलं एकदम बाहेर पडत होतं. माणिकचा नवरा काय करतो, सासूचा स्वभाव कसा, म्हैस कधी व्याली, ओवा जास्त झाला, आच कमी कर. आत्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ती सगळा दोष कांद्याला देत होती. पहिला घाणा निघाला आणि मी दोन्ही हातांनी फुंकत भजी खाल्ली. पोळलेल्या जिभेनं अजून खाल्ली.

तेवढ्यात मागच्या दाराशी दूधवाला बापू गवळी आला. तो नदीपलीकडच्या वाडीचा. मी भांडं घेऊन गेले आणि विचारलं, "बापूमामा, पुलावरचं पाणी कवा उतरलं?"

"पूल?" बापूनं खोळ मागं सारली. "पुलावर पाणी चढलंच कवा, बाई? वीतभर तरी खाली हाय पाणी. यष्ट्या चालू हायत की सकाळपासनं."

मी दुधाचं भांडं तसंच धरून वळले. आई भजी उलटत होती. आत्या कांदा चिरत होती. दोघींपैकी कुणीही दचकलं नव्हतं.

"ऐकलंत का? आबा खोटं बोलले."

"दादा खोटं बोलला की कान खाजवतो," आत्या म्हणाली. "पाटी-पेन्सलीच्या वयापासनं."

"माझ्यापुढं तर दोन्ही कान खाजवतात," आई म्हणाली.

"म्हणजे तुम्हा दोघींना सकाळपासनं माहीत हुतं?"

तेल तडतडत होतं. आईनं झारा कढईच्या काठावर ठोकला. तिच्या मागं टोपल्यात भाकरी झाकून ठेवल्या होत्या, आणि मला आठवलं, आबा पुलाकडून यायच्या आधीच तिनं त्या पाहुणीला धरून थापल्या होत्या.

"पाऊस लई हुता गं," आत्या म्हणाली. "एवढ्या पावसात कुठं जातं माणूस?"

मग तिनं विळी आडवी केली आणि हात पदराला पुसले. "शालन, तो करंडा आण."

मी धावले. येताना उंबऱ्याला ठेच लागली, तरी करंडा सोडला नाही. आत्यानं बोट कुंकवात बुडवलं. आईचे दोन्ही हात पिठानं बरबटलेले. तिनं चुलीपासून तोंड वळवून आत्यापुढं केलं, डोळे मिटले.

"वैनी, माणिकच्या लग्नाला यायचं," आत्या म्हणाली. "आठ दिस आधी यायचं. तू आली न्हाईस तर माझ्याच्यानं काय बी हुणार न्हाई."

"येते की," आई म्हणाली. "न बोलवता सुद्धा आले असते."

हे दोघींनाही माहीत होतं की धादांत खोटं आहे. पण त्या दिवशी आमच्या घरात खोटं बोलायला सगळ्यांनाच मोकळीक होती. बाहेर आबा ओरडत होते की जिंकलेल्या माणसाला अजून एक भजं मिळालेलं नाही.

आत्या त्या दिवशी गेली नाही. दुसऱ्या दिवशीही गेली नाही, आणि त्या दिवशी तर ऊन पडलं होतं.

मी करवली झाले. हिरवा परकर, गजरा, करा, सगळं मिरवलं. आबांनी माणिकला बोहल्यावर आणलं, आई मामी म्हणून पहिल्या रांगेत. अक्षता झाल्यावर आत्यानं भावजयीचा मान म्हणून आईला आहेर केला. आईनं बायकांच्या देखत घडी मोडली आणि तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. जांभळी साडी. पदराच्या आत अंगठ्याएवढा हळदीचा डाग. मांडवातल्या बायका पुढं वाकून बघत होत्या, कारण सगळ्यांना जुनी गोष्ट ठाऊक होती. आणि मग आई अशी हसत सुटली की तिला धरून खुर्चीवर बसवावं लागलं. आत्या तिच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होती, आणि वाजंत्रीवाले आमच्याकडं बघत वाजवायचे थांबले होते.

त्यानंतर ती साडी किती कार्यांत किती वेळा इकडून तिकडं गेली, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. आई गेली, आत्याही गेली. मला वाटलं, साडीही कुठंतरी हरवली असेल.

यंदा माझ्या लेकीच्या लग्नात माणिकनं मला आहेर केला. कागदात गुंडाळलेली घडी, वर नारळ. बाहेर पाऊस नव्हता, लोक जेवायला बसत होते, आणि माणिक माझ्याकडं बघत दुसरीकडंच बघितल्यासारखं करत होती. मी कागद न काढताच आत हात घातला आणि पदर चाचपडून बाहेर ओढला. डाग जागेवर होता.